पुलापलीकडचे चिन्ह

शरदिनीबाईंनी फूटपट्टी लावून फॉर्मवरची 'गृहविज्ञान' ही अक्षरे एका सरळ रेघेत खोडली, शाई वाळेपर्यंत थांबल्या, आणि पेनाला टोपण लावून तो कागद श्रीनिवासच्या ताटाशेजारी सरकवला.

"आत्या, हा शाळेचा फॉर्म आहे," श्रीनिवास म्हणाला. "यावर खाडाखोड चालत नाही."

"मग दुसरा आण."

श्रीनिवास रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होता. तो कचेरीत शिरला की चाळीस माणसे उभी राहत. परंतु वयाच्या सहाव्या वर्षापासून त्याला याच आत्याने वाढवले होते, त्यामुळे 'आण' हा शब्द त्या स्वरात कानी पडताच वरणभात कालवणारा त्याचा हात आपोआप थांबला. त्याने बायकोकडे, संपदाकडे पाहिले. संपदाने लेकीकडे पाहिले. अवनी मात्र कोणाकडेच न पाहता ताटातले लिंबू पिळत राहिली. ते केव्हाच कोरडे झाले होते.

गोष्ट साधी होती. अवनी नववीत होती, आणि बीजगणिताच्या चाचणीत तिला विसांपैकी चार गुण मिळाले होते. त्यांतले दोन सुवाच्य अक्षरासाठी असावेत असा तिचा स्वतःचा अंदाज होता. तिच्या बोर्डात मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा होती. वर्गशिक्षिकेने तसे सुचवले, संपदाला हायसे वाटले, आणि अवनीला तर त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी शांत झोप लागली.

"या घरातली मुलगी गणित सोडणार नाही," शरदिनीबाई म्हणाल्या.

"पण शिकवणार कोण, आत्या?" संपदाने विचारले. "मोहन सरांना तर तुम्हीच काढलंत."

हे खरे होते. मोहन हा घरी येणारा मास्तर सोळा दिवस टिकला. मुलगा हुशार होता, पण पाठीत पोक काढून बसे. सोळाव्या दिवशी शरदिनीबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितले की ज्याचा स्वतःचा कणा सरळ नाही त्याने दुसऱ्याला सरळ रेषा शिकवू नयेत. त्याने चहा संपवला, हात जोडले, आणि सायकलवर बसून निघून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

"मी शिकवीन," शरदिनीबाई म्हणाल्या.

त्यावर कोणी शंका घेतली नाही. एका कन्याशाळेच्या त्या अकरा वर्षे मुख्याध्यापिका होत्या, आणि काशीतल्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या मराठी घरांतल्या अर्ध्याअधिक बायका त्यांच्या हातची छडी खाऊन मोठ्या झाल्या होत्या. अवनीची वर्गशिक्षिकाही त्यांतलीच. म्हणूनच फॉर्म सहामाही परीक्षेपर्यंत थांबवून ठेवायला तिने तत्काळ संमती दिली. ठरले ते असे: सहामाहीत पन्नासांपैकी पंचवीस मिळाले तर गणित, न मिळाले तर शरदिनीबाई स्वतःच्या हाताने त्या कागदावर गृहविज्ञान लिहून देतील.

त्या दुपारी त्यांनी आपल्या खोलीचे दार लावून घेतले, चष्मा पुसला, आणि अवनीचे पुस्तक आयुष्यात पहिल्यांदाच उघडले.

घरात कोणाला ठाऊक नव्हते ते एवढेच की शरदिनीबाई बीजगणित कधीही शिकल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांनी दोन्ही मुलींच्या फॉर्मवर न विचारता गृहविज्ञान लिहून टाकले होते. शरदिनीबाई त्यात प्रथम श्रेणीत आल्या, पुढे संस्कृतात एम. ए. झाल्या, आणि हे प्रकरण मागे पडले. मुख्याध्यापिका असताना त्या गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून तपासणी करीत, फळ्यावरच्या अक्षराची तारीफ करीत, शेरेबुकात 'समाधानकारक' लिहीत आणि खाली सही करीत. गृहविज्ञानाची गोष्ट आता जगात एकाच माणसाला माहीत होती. ती त्यांची धाकटी बहीण बकुळ, आणि ती नागपुरात होती.

पुस्तकात अंकांच्या मधोमध अक्षरे बसली होती. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, असे त्या जन्मभर शिकवत आल्या. इथे तर प्रत्येक उदाहरणात त्याची किंमत बदलत होती. एका ओळीत 'माना कि' असे होते. मानायचे कशाला, चौकशी करावी, असे त्यांना वाटले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान्य केले की कोणाला तरी विचारावे लागणार. पण कोणाला? काशीत एकाला विचारले असते तर संध्याकाळच्या आरतीपर्यंत ते दशाश्वमेधावर पोहोचले असते.

चौथ्या दिवशी वर्तमानपत्रातून एक गुलाबी कागद त्यांच्या मांडीवर पडला. कक्षा नौ-दस, बीजगणित, मंगळवार आणि शनिवार. पत्ता रामनगरचा होता.

रामनगर म्हणजे गंगेच्या पलीकडे, आणि अडचण नेमकी तिथेच होती. सात वर्षांपूर्वी शरदिनीबाईंनी दशाश्वमेध घाटावर, विश्वेश्वरशास्त्र्यांनी सांगितलेला संकल्प म्हणून, क्षेत्रसंन्यास घेतला होता. देहात प्राण आहे तोवर काशीची सीमा ओलांडायची नाही. तेव्हापासून त्या ना प्रयागला गेल्या, ना कोणाच्या मुंजीला. पंधरवड्यापूर्वीच बकुळचा फोन आला होता. शरदिनीबाई फोन आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांनी समोर धरीत आणि स्पीकर लावून बोलत, त्यामुळे नातीच्या लग्नाचे आमंत्रण साऱ्या घराने ऐकले, आणि त्यावरचा नकारही.

"क्षेत्र सोडणं मला वर्ज्य आहे, बकुळ. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, ताई," बकुळ म्हणाली, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

शिवाय काशीतली जुनी माणसे असेही सांगत की गंगेच्या त्या तीरावर ज्याला मरण येते तो पुढच्या जन्मी गाढव होतो. शरदिनीबाईंनी दोन्ही बाजूंनी विचार केला. या जन्मी अवनीसमोर गाढव ठरणे आणि पुढच्या जन्मी खरोखरीचे गाढव होणे, यांत दुसऱ्याला अजून अवकाश होता.

मंगळवारी त्यांनी घरात सांगितले की आजपासून संकटमोचन हनुमानाच्या दर्शनाचा नेम धरला आहे. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्या खरोखरच आधी संकटमोचनाला गेल्या, दर्शन घेतले, बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला, आणि मग टोटोवाल्याला, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्याला, सामने घाटाच्या पुलाकडे वळायला सांगितले. पूल लागताच त्यांनी डोळे मिटून घेतले. पूल संपल्यावर टोटोवाल्याने 'माताजी, तबियत ठीक है?' असे विचारले, तेव्हा कुठे त्या रामनगरात पोहोचल्या.

शिकवणी पिठाच्या चक्कीच्या वर होती. जिना थरथरत होता, बाकांवर गव्हाच्या पिठाचा पातळ थर होता, आणि वीस-बावीस मुलांसमोर फळ्यापाशी, पाठीत पोक काढून, मोहन उभा होता.

तो कुठून सायकलवर येतो हे त्या सोळा दिवसांत शरदिनीबाईंनी विचारले नव्हते. आता दारात चपला काढताना त्यांच्या ते लक्षात आले, पण एक चप्पल पायातून सुटलेली होती आणि मुले वळून पाहत होती.

"किसी बच्चे को लेने आई हैं, माताजी?" मोहनने विचारले.

"नहीं. पढ़ने."

चक्की खाली घरघरत राहिली. मोहनने त्यांच्याकडे पाहिले, पहिल्या बाकावरच्या दोन मुलींना सरकायला सांगितले, आणि खडू उचलून उरलेले उदाहरण पुरे केले. पुढे त्याने एकही प्रश्न विचारला नाही. या गोष्टीची शरदिनीबाईंनी मनातल्या मनात नोंद घेतली. तास संपल्यावर जिन्यात त्यांनी त्याला बजावले की हे पलीकडे कोणाला कळता कामा नये. तो म्हणाला की त्याला पलीकडे जाण्याचे आता काही कारण उरलेले नाही, तेव्हा माताजींनी निश्चिंत असावे. हेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले.

मोहनची एक पद्धत होती. भिंतीवर त्याने गेरूने एक लांबलचक पूल रंगवला होता. अलीकडच्या तीरावर 'काशी', पलीकडच्या तीरावर 'रामनगर', मधला पूल म्हणजे बरोबरीचे चिन्ह. कुठलीही संख्या पूल ओलांडून गेली की तिचे चिन्ह बदलते: अधिकाचे उणे होते, उण्याचे अधिक. मुले हे घोकून पाठ करीत होती. शरदिनीबाईंना मात्र ते घोकावे लागले नाही. अलीकडे अकरा वर्षे मुख्याध्यापिका राहिलेली बाई पलीकडे आली की पाणी प्यायला जायचे झाले तरी हात वर करते, हे त्यांना आठवड्यातून दोनदा स्वानुभवाने कळत होते.

चौथ्या तासाला त्यांना फळ्यावर बोलावले. तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. शरदिनीबाईंनी रेखीव अक्षरात पुढची पायरी लिहिली: तीन एक्स बरोबर वीस अधिक पाच.

"माताजी, ये पाँच पुल पार कर गया, फिर भी नहीं बदला?"

"दादी का पाँच है, सर," मागून एक मुलगी म्हणाली. "वो किसी के लिए नहीं बदलता."

सारा वर्ग हसला. शरदिनीबाईंनी अधिकाची उभी रेघ बोटाने पुसली, उणे केले, विसांतून पाच वजा केले, तिनाने भागले आणि एक्स बरोबर पाच असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. जागेवर येऊन त्या ते वहीत उतरवू लागल्या, तेव्हा मोहन बाकाजवळून जाताना हळूच म्हणाला, "और पीठ सीधी, माताजी."

त्या खरोखरच वहीवर वाकल्या होत्या. त्यांनी पाठ सरळ केली. त्यानंतर त्या दोघांत सोळाव्या दिवसाचा विषय कधी निघाला नाही.

संकट एकदाच आले, तेही रस्त्यात. एका शनिवारी त्या टोटोची वाट पाहत लस्सीच्या दुकानासमोर उभ्या होत्या, आणि दुकानातून, हातात मातीचा भला मोठा कुल्हड आणि मिशीवर साय घेऊन, स्वतः विश्वेश्वरशास्त्री बाहेर आले. ज्यांनी त्यांना संकल्प सांगितला होता तेच. शास्त्रीबुवांना मधुमेह होता आणि त्यांच्या पत्नीने घरातली साखर कुलपात ठेवली होती, हे सर्व घाटांना माहीत होते. दोघे एकमेकांसमोर दोन हातांवर उभे राहिले. शास्त्रीबुवांनी 'नारायण, नारायण' म्हणत किल्ल्याकडे पाहायला सुरुवात केली. शरदिनीबाईंनीही किल्ल्याकडे पाहिले. रामनगरचा किल्ला त्या दोघांनी इतक्या बारकाईने याआधी कधी पाहिला नव्हता. टोटो आला, शरदिनीबाई बसल्या, आणि शास्त्रीबुवांनी कुल्हड संपवला.

घरी रोज पाच ते सहा अवनीचा तास असे. पहिल्या दिवशी शरदिनीबाईंनी वहीवर पूल काढला, दोन तीर काढले, आणि संख्या पलीकडे गेली की चिन्ह बदलते हे समजावले. अवनीने मान वर करून त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. मग तिने पुन्हा वहीत डोके घातले.

"आत्याआजी, मतलब एक्स म्हणजे नक्की काय?"

"यावत्तावत्," शरदिनीबाई म्हणाल्या. इथे मात्र त्या स्वतःच्या राज्यात होत्या. "आपल्याकडच्या जुन्या गणितज्ञांनी अज्ञाताला तेच नाव दिलं होतं. जितकं असेल तितकं. आधीच घाबरून जायचं नाही. त्याला एका बाजूला एकटं बसवायचं, म्हणजे ते स्वतःच सांगतं."

अवनीला ते आवडले असावे, कारण पुढे तिने वहीत दोन-तीनदा एक्सऐवजी 'या' लिहिले.

मंगळवारी आणि शनिवारी जे कानावर पडे ते बुधवारी आणि रविवारी अवनीला पोहोचे. मधल्या दिवसांत शरदिनीबाईंची गाडी थोडी अडखळे. कंसाबाहेर उणे असले की आतली सगळी चिन्हे बदलतात, हे त्या एकदा विसरल्या. अवनीने बोट ठेवून दाखवले. शरदिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मुद्दाम चुकवलं होतं. तुझं लक्ष आहे की नाही ते पाहत होते."

त्या दिवसापासून अवनी मुद्दाम केलेल्या चुका शोधू लागली. आठवड्यात तीन सापडल्या, पुढच्या आठवड्यात पाच. चूक सापडली की ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसे आणि ती का चुकली हे आत्याआजींना हिंदी-मराठीच्या खिचडीत समजावून सांगे. मोहन सरांपुढे सोळा दिवसांत जिने तोंड उघडले नव्हते तीच ही मुलगी. उणे गुणिले उणे अधिक कसे होते, यावर दोघींचा वाद सलग दोन संध्याकाळ चालला. तो अवनीने जिंकला. शरदिनीबाईंनी दुसऱ्या दिवशी रामनगरात खात्री करून घेतली, तेव्हा कुठे हार मान्य केली.

नेमाच्या दिवशी दार नेहमी अवनीच उघडे. लाडवांचा डबा हातात घेई, आणि 'आत्याआजी, पाठीला काहीतरी लागलंय' म्हणून त्यांच्या निळ्या लुगड्यावरचे पांढरे झटकून टाकी. शरदिनीबाई म्हणत की देवळात गर्दी फार असते.

सहामाहीच्या आदल्या रात्री त्यांना झोप आली नाही, हे त्यांनी कोणाला कळू दिले नाही. परीक्षेच्या दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी अवनीच्या हातावर दही ठेवले. उत्तर आले की थांबू नकोस, ते मूळ समीकरणात घालून पाहा, एवढे सांगितले, आणि तेच वाक्य लिफ्टचे दार बंद होईपर्यंत आणखी दोनदा सांगितले.

निकाल हाती आला तो पन्नासांपैकी चौतीस. रविवारी सकाळी श्रीनिवासने नवा फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. विषयाच्या चौकटीत त्याने 'गणित' लिहिले, आत्याला वाचून दाखवले आणि दाढी करायला गेला. संपदा शिरा ढवळायला आत गेली. टेबलाशी दोघीच उरल्या.

अवनी बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिली.

"आत्याआजी, मोहन सरांनी मला पण पूल शिकवला होता. याच टेबलावर. इथे काशी, तिथे रामनगर."

शरदिनीबाईंनी फॉर्मची घडी नीट केली, मग ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. आणि देवळात गव्हाचं पीठ कुठून लागेल?"

"मग बोलली नाहीस ती."

"तुम्ही पण नाही बोललात." अवनीने टोक फुंकले. "एक शंका आहे. विचारू?"

"शंका विचारायला परवानगी लागत नाही."

"समीकरणात एका बाजूला काही केलं, तर दुसऱ्या बाजूला पण तेच करावं लागतं ना?"

"लागतंच. नाहीतर बरोबरी राहत नाही."

अवनीने फोन उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "माझ्या बाजूला तुम्ही तर पूल पार केलात. दर आठवड्याला दोनदा. मग बकुळआजीच्या बाजूला?"

स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास आला. शरदिनीबाईंनी फोनकडे पाहिले, मग खिडकीकडे. इतक्या दुरून नदी दिसत नसे. नुसती तिच्यावरची उजळ हवा दिसे. त्यांनी पाठ सरळ केली.

"श्रीनिवास."

तो अर्ध्या गालावर फेस घेऊन दारात आला.

"नागपूरची चार तिकिटं काढ. मला खालचा बर्थ."

श्रीनिवासच्या हनुवटीवरून फेस ओघळला. "आत्या, आणि क्षेत्रसंन्यास? निदान शास्त्रीबुवांना विचारायला हवं."

"प्रायश्चित्त काय ते मी त्यांना विचारीन. ते हरकत घेणार नाहीत."

हे त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की श्रीनिवास उरलेली दाढी करायला निघून गेला. शरदिनीबाईंनी अवनीकडून फोन लावून घेतला, स्पीकर लावला आणि तबकासारखा समोर धरला. पलीकडे बकुळने आधी कोण मेले असे विचारले. लग्नाला येते आहे, खालच्या मजल्यावरची खोली तयार ठेव, असे ऐकल्यावर ती रडली, मग हसली, मग तिला व्रताची आठवण झाली.

"पण ताई, काशी सोडून येणार तू? असं चालतं?"

"एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूलाही करावं लागतं. बीजगणित आहे ते." शरदिनीबाईंनी घसा साफ केला. "तुला नाही समजायचं, बकुळ. तुझं गृहविज्ञान."

"अगं, हो," बकुळ हसत म्हणाली, "पण तुझं तरी कुठे—"

अवनीने वहीतून डोके वर न काढता डावा हात लांब केला आणि स्पीकर बंद केला.

शरदिनीबाईंनी फोनकडे पाहिले, अवनीच्या भांगाकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कानाला लावला.